साखर कारखान्याच्या डेटाबेससाठी सर्व्हर निवडताना: एक प्रकरण अभ्यास

दररोज ५,००० टन गाळप करणाऱ्या साखर कारखान्यात हंगामाचे सुमारे १५० दिवस वजनकाटा चोवीस तास चालू असतो. ट्रॅक्टर-ट्रॉली, ट्रक आणि बैलगाड्या धरून दिवसाला ५०० च्या आसपास वाहने येतात. प्रत्येकाचे एक भरलेले आणि एक रिकामे वजन होते, म्हणजे काट्यावरच्या नोंदी दिवसाला फार तर हजार. एवढ्या नोंदी साध्या डेस्कटॉपलाही झेपतात. तरीही ऐन हंगामात काटा क्लार्कने बटण दाबल्यावर पावती यायला कधी तीन, कधी दहा सेकंद लागू लागतात, यार्डातली रांग रस्त्यावर येते आणि पंधरवड्याचे ऊस बिल काढायला पाच तास जातात. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात आणि उशिरावर वार्षिक १५ टक्के व्याज लागते. त्यामुळे बिल रखडले की प्रश्न संगणक विभागापुरता राहत नाही.

पुढचे प्रकरण एखाद्या ठराविक कारखान्याचे नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या या क्षमतेच्या कारखान्यात जसे चित्र असते, ते धरून आकडे मांडले आहेत. डेटाबेस पोस्टग्रेस (मुक्त स्रोत डेटाबेस सॉफ्टवेअर), आकार २१० जीबी, बारा हंगामांचा साठा. सर्व्हर आठ वर्षांचा, वॉरंटी संपलेली. दोन सॉकेट, प्रत्येकी ८ कोअर २.१ गिगाहर्ट्झ, रॅम ६४ जीबी, १०,००० आरपीएमच्या १.२ टीबीच्या सहा सॅस डिस्क रेड ५ मध्ये, म्हणजे एक डिस्क मेली तरी डेटा टिकेल अशा एकत्र मांडणीत. पुरवठादाराचे कोटेशन असे: दोन सॉकेट, प्रत्येकी ३२ कोअर, २५६ जीबी रॅम, आठ साटा एसएसडी रेड ५ मध्ये, मशीन एक. मंडळापुढचा प्रश्न साधा होता: हे घ्यायचे का?

आधी मोजमाप

कोटेशन बाजूला ठेवून एक पूर्ण पंधरवडा मोजायला हवा, कारण बिलाची रात्र त्यात आली नाही तर मोजमाप अर्धवट राहते. चार गोष्टी पुरतात. पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स हे पोस्टग्रेसचे मोजणी-साधन चालू करून कोणत्या क्वेरीवर, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नावर, एकूण किती वेळ जातो ते पाहायचे. आयोस्टॅट या डिस्कचे काम दाखवणाऱ्या लिनक्सच्या साधनाचे विस्तारित आकडे दर दहा सेकंदांनी साठवायचे, त्यात लिहिण्याची प्रतीक्षा आणि रांगेची लांबी महत्त्वाची. वॉल, म्हणजे पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी जिथे लिहितो ती नोंदवही, तासाला किती वाढते ते तिच्या स्थानाच्या फरकावरून काढायचे. चौथी गोष्ट म्हणजे एका वेळी किती सेशन (डेटाबेसशी असलेल्या जोडण्या) खरोखर काम करत असतात. किती जोडलेले आहेत हा आकडा इथे उपयोगाचा नाही.

या मोजमापात जे दिसते ते कोटेशनशी जुळत नाही. सर्वाधिक कमिट, म्हणजे बदल डिस्कवर कायमचा करण्याच्या क्रिया, काट्याचे नसून ऊस वाहतुकीच्या जीपीएसचे निघतात. ९०० वाहने, प्रत्येकाची दर ३० सेकंदांनी एक नोंद, म्हणजे सेकंदाला ३० ओळी, आणि प्रत्येक ओळ स्वतंत्र कमिट. दिवसाला जवळपास २६ लाख ओळी. इंडेक्ससह (इंडेक्स म्हणजे नोंद पटकन शोधण्यासाठीची सूची) एका ओळीला १४० बाइट धरले तर दिवसाला सुमारे ३६० एमबी, हंगामाला ५४ जीबी. दोन हंगामांचा जीपीएस साठा तसाच पडून असल्याने २१० पैकी १०८ जीबी तोच आहे. शेतकी, लेखा, भांडार, वेतन, काटा हे सगळे मिळून बारा वर्षांत १०२ जीबी झाले आहेत. रोजच्या कामात खरोखर लागणारा भाग, म्हणजे चालू आणि मागचा हंगाम, त्यांचे इंडेक्स आणि गेल्या आठवड्याचा जीपीएस, ३० जीबीच्या आत बसतो.

मग काटा का अडतो? रेड कंट्रोलरच्या कॅशची बॅटरी मेलेली आहे. बॅटरी असताना कंट्रोलर लिहायचा डेटा स्वतःच्या मेमरीत घेऊन लगेच 'झाले' म्हणतो. बॅटरी गेली की तो सुरक्षिततेसाठी ही सोय बंद करतो आणि प्रत्येक लेखन थेट डिस्कवर जाते. कुठेही लाल दिवा ठळक लागत नाही, फक्त व्यवस्थापन स्क्रीनवर एक ओळ येते आणि ती कोणी उघडत नाही. थेट लेखनात रेड ५ ची खरी किंमत कळते: एका लहान लेखनासाठी जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी (मेलेल्या डिस्कवरचा डेटा परत काढण्यासाठीचा जादा हिशेब) वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा, म्हणजे चार क्रिया. १०,००० आरपीएमच्या डिस्कला शोध साधारण ४ मिलिसेकंद आणि सरासरी अर्धा फेरा ३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला १४० क्रिया. सहा डिस्कच्या ८४०, भागिले ४, उरतात २१०. सहा टीबी जागेमागे सेकंदाला २१० विखुरलेली लेखने, एवढीच या संचाची ताकद आहे. जीपीएसचे ३० कमिट त्यातला निदान सातवा वाटा सतत खातात. त्यात चेकपॉइंट (मेमरीत साठलेले बदल डेटाफाइलमध्ये उतरवण्याची वेळ) आला किंवा कोणी वाहनांचा नकाशा-अहवाल काढला की काट्याचा कमिट रांगेत शेवटी उभा राहतो.

बिलाचे पाच तास हा वेगळाच विषय आहे. पंधरवड्यात सुमारे २,००० शेतकऱ्यांची बिले निघतात. पाच तास म्हणजे १८,००० सेकंद, शेतकऱ्यामागे ९ सेकंद. त्या वेळी एक कोअर शंभर टक्के असतो आणि उरलेले पंधरा रिकामे असतात. क्वेरीचा आराखडा बफरच्या आकड्यांसह काढला की कारण समोर येते: कपातींचा हिशेब करताना खतावणीच्या एक कोटी ओळी प्रत्येक शेतकऱ्यासाठी दोनदा पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळल्या जातात, कारण खातेदार आणि हंगाम या दोन स्तंभांवर मिळून इंडेक्सच नाही. ६४ कोअरच्या मशीनवरही ही एकामागून एक चालणारी प्रक्रिया एकाच कोअरवर चालली असती. कोटेशनमधले कोअर नेमके इथे वाया जातात.

खरेदीच्या आधी करायची, जवळपास फुकटची कामे

हंगाम चालू असताना घाईत सर्व्हर घेऊ नये. म्हणून आधी वेळ मिळवायचा. कंट्रोलरची बॅटरी बदलायची. तो इंडेक्स हंगाम चालू असतानाच, टेबल न अडवणाऱ्या पद्धतीने बांधायचा. याने बिल जुन्याच मशीनवर मिनिटांत येते. जीपीएससाठी वेगळा डेटाबेस वापरकर्ता करून फक्त त्याच्यापुरते सिंक्रोनस कमिट, म्हणजे वॉल डिस्कवर उतरेपर्यंत थांबणे, बंद करायचे. याने वीज गेल्यास शेवटच्या सेकंदाच्या आतल्या काही नोंदी जाऊ शकतात (मूळ सेटिंगवर ही मर्यादा ०.६ सेकंद आहे), पण डेटाबेस बिघडत नाही. वाहनाचे एखादे ठिकाण हरवले तर कोणाचे नुकसान होत नाही. काट्याच्या, लेखा विभागाच्या वापरकर्त्यासाठी हीच सेटिंग कधीही बंद करू नये. शेतकऱ्याच्या हातात छापील पावती आहे आणि डेटाबेसात ते वजन नाही, अशी वेळ येणे कारखान्याला परवडत नाही.

जीपीएसचे टेबल महिन्यावार पार्टिशन करायचे, म्हणजे त्याचे वेगळे तुकडे पाडायचे, आणि वाहतूक बिले मिटली की जुनी पार्टिशन टाकून द्यायची. 'डिलीट' करून डिस्कवरची जागा परत मिळत नाही, ती टेबलातच पुढच्या नोंदींसाठी राखीव राहते. पार्टिशन टाकले की फाइलच जाते. शेअर्ड बफर, म्हणजे पोस्टग्रेसने डेटासाठी राखलेली मेमरी, मूळच्या १२८ एमबीवरच ठेवलेले असतात, बऱ्याच जागी ते कोणी बदललेलेच नसतात. ते १६ जीबी केले की जुन्या ६४ जीबी रॅमचाही नीट उपयोग होतो.

एवढे झाल्यावर नव्या सर्व्हरची गरज संपत नाही. आठ वर्षांचे, वॉरंटीबाहेरचे, एकटे मशीन हा धोका उरतोच. पण आता काय विकत घ्यायचे ते स्पष्ट होते. वाढ वर्षाला ९ जीबी, हंगामात जास्तीत जास्त ५४ जीबी जीपीएस. पाच वर्षांनंतरही एकूण २०० जीबीच्या आसपास. कमिट सेकंदाला शंभरच्या आत, काम करणारी सेशन एका वेळी पाच-सहा. म्हणजे लहान पण अत्यंत विश्वासू मशीन हवे.

डिस्क: इथे तडजोड नको

डेटाबेसच्या सर्व्हरमध्ये सर्वात जास्त विचार ज्या भागावर खर्च व्हावा तो हा. कमिटचा अर्थ एवढाच की 'झाले' म्हटल्यावर डेटा वीज गेल्यानंतरही टिकला पाहिजे. एसएसडीमध्ये डेटा आधी तिच्या आतल्या मेमरीत येतो आणि मग फ्लॅशवर जातो. सर्व्हरसाठीच्या चांगल्या एसएसडीवर कपॅसिटरची रांग असते. वीज गेल्यावर त्या साठ्यावर आतल्या मेमरीतला डेटा फ्लॅशवर उतरवला जातो. याला पॉवर लॉस प्रोटेक्शन म्हणतात. त्यामुळे अशी डिस्क कमिटला ०.०२ ते ०.०५ मिलिसेकंदात खरे उत्तर देऊ शकते. कपॅसिटर नसलेल्या डिस्कपुढे दोनच मार्ग उरतात: प्रत्येक वेळी फ्लॅशवर लिहून मग उत्तर द्यायचे, यात एक ते अनेक मिलिसेकंद जातात, किंवा खोटे उत्तर द्यायचे. खोटे उत्तर देणारी डिस्क चाचणीत सर्वात वेगवान दिसते आणि पहिल्या जोरदार वीजखंडात डेटाबेस मोडते.

कोटेशनमधल्या आठ साटा एसएसडीवर 'पॉवर लॉस प्रोटेक्शन' हे शब्द नव्हते. कंट्रोलरला बॅटरी आहे म्हणून चालेल, हा युक्तिवाद अपुरा आहे. बॅटरी कंट्रोलरच्या मेमरीला वाचवते, डिस्कच्या आतल्या मेमरीला नाही. म्हणून बहुतेक कंट्रोलर डिस्कची कॅश बंद करतात आणि मग घरगुती दर्जाची एसएसडी फार हळू होते. शिवाय अशा डिस्क सुरुवातीचे काही जीबी एसएलसी कॅशमध्ये, म्हणजे फ्लॅशच्याच एका जलद भागात, झपाट्याने घेतात. ती भरली की वेग कोसळतो, आणि रात्रीचा बॅकअप परत चढवताना नेमके हेच होते.

किती टिकाऊपणा घ्यायचा हे मोजमापावरून ठरवायचे. इथे वॉल दिवसाला ४० ते ५० जीबी, डेटाफाइल आणि तात्पुरत्या फाइल धरून एकूण लेखन दिवसाला १५० जीबी. वर्षभर हंगामच आहे असे धरले तरी पाच वर्षांत २७४ टीबी. १.९२ टीबीची, दिवसाला एकदा पूर्ण लिहिता येईल अशा रेटिंगची डिस्क पाच वर्षांत ३,५०४ टीबी लेखन सोसते. आठ टक्केही वापर होत नाही. म्हणून दिवसाला तीनदा लिहिण्याच्या रेटिंगच्या महाग डिस्क घेण्याचे कारण नाही. तो पैसा दुसऱ्या मशीनकडे वळवावा, त्याची गरज पुढे येते.

निवड अशी: यू.२ आकाराच्या १.९२ टीबीच्या तीन एनव्हीएमई (साटापेक्षा जलद जोडणीच्या) एसएसडी, पॉवर लॉस प्रोटेक्शनसह. दोन आरसा, म्हणजे रेड १, लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडवर, तिसरी हॉट स्पेअर, म्हणजे एक मेली की आपोआप तिची जागा घेणारी. हार्डवेअर कंट्रोलर नाही, त्यामुळे त्याची बॅटरीही नाही. २०० जीबीला १.९२ टीबी जास्त वाटेल, पण आवृत्ती बदलताना जुनी आणि नवी प्रत शेजारी ठेवायला, किंवा चुकून पुसलेली नोंद शोधण्यासाठी कालची प्रत बाजूला उभी करायला ही जागा लागते. ऑपरेटिंग सिस्टिमसाठी ४८० जीबीच्या दोन लहान डिस्क वेगळ्या, त्याही आरशात. एम.२ आकाराच्या ८० मिलिमीटर लांबीच्या बहुतेक डिस्कवर कपॅसिटरला जागाच नसते. त्यांच्यावर डेटाबेस ठेवू नये.

आरशातल्या दोन्ही डिस्क एकाच वेळी मरतील ही शक्यता लोक सोडून देतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीईने जाहीर केले की त्यांच्या काही सॅस एसएसडी ३२,७६८ तास चालल्यावर, म्हणजे ३ वर्षे २७० दिवस ८ तासांनी, फर्मवेअरमधल्या चुकीमुळे डेटासह निकामी होतील आणि उपाय म्हणून नवे फर्मवेअर दिले. एकाच दिवशी चालू केलेल्या सगळ्या डिस्क एकाच तासाला बंद पडतात आणि रेड तिथे काहीच वाचवू शकत नाही. म्हणून दोन मशीन वेगवेगळ्या लॉटच्या डिस्कची घ्यावीत, शक्य असेल तर त्यातली एक काही आठवडे उशिरा चालू करावी, आणि दर हंगामाआधी डिस्कचे फर्मवेअर तपासणे कामाच्या यादीत लिहून ठेवावे.

प्रोसेसर आणि रॅम

पाच-सहा कामाची सेशन आणि एका धाग्यावर चालणारे बिल, यासाठी कमी पण वेगवान कोअर हवेत. एक सॉकेट, १६ कोअर. दोन सॉकेट घेतले की अर्धी रॅम दुसऱ्या प्रोसेसरच्या पलीकडे जाते आणि तिथपर्यंत पोचायला जास्त वेळ लागतो. एवढ्या भारासाठी ती गुंतागुंत विकत घेण्यात अर्थ नाही. एएमडी एपिकच्या ९००४ मालिकेत १६ कोअरचे दोन पर्याय पाहिले: ९१२४ हा ३.० ते ३.७ गिगाहर्ट्झ, २०० वॅट. ९१७४एफ हा ४.१ ते ४.४ गिगाहर्ट्झ, चौपट एल३ कॅश, ३२० वॅट. बिलाची क्वेरी सुधारल्यावर उरलेल्या वेगासाठी ९१७४एफची किंमत आणि उष्णता इथे पटत नाही. ९१२४ पुरतो. मोठ्या समूहाचा, अनेक कारखान्यांचा एकत्र डेटाबेस असता तर उत्तर वेगळे आले असते. इंटेलचा त्याच तोडीचा एक सॉकेट आला तरी हरकत नाही.

सशुल्क डेटाबेस असेल तर कोअर मोजण्याला आणखी धार येते. एसक्यूएल सर्व्हरचा परवाना बहुधा कोअरवर असतो आणि २०२२ पर्यंतची स्टँडर्ड आवृत्ती २४ कोअरपलीकडे वापरतच नाही. ओरॅकलची स्टँडर्ड एडिशन २ दोन सॉकेटपर्यंतच चालते आणि एका वेळी १६ धाग्यांवर थांबते. तिथे ६४ कोअरचे मशीन घेणे म्हणजे न वापरता येणाऱ्या लोखंडाचे पैसे भरणे.

रॅम १९२ जीबी, ईसीसी आरडीआयएमएम (चूक ओळखून दुरुस्त करणारी, सर्व्हरसाठीची), १६ जीबीचे १२ मॉड्यूल. ९००४ मालिकेला १२ मेमरी चॅनल आहेत. ६४ जीबीचे तीन मॉड्यूल लावूनही १९२ होतात आणि पुरवठादाराला ते सोयीचे पडते, पण मग नऊ चॅनल रिकामे राहतात. मशीनला बाराच स्लॉट असतील तर बारा मॉड्यूल भरल्यावर पुढे वाढवायचे तर सगळे बदलावे लागतील हे खरे आहे. रोज लागणारा भाग ३० जीबी आणि पाच वर्षांनंतरचा एकूण साठा २०० जीबी, त्यामुळे ती वेळ या मशीनच्या आयुष्यात येत नाही.

दुसरे मशीन

एका मोठ्या मशीनच्या जागी दोन सारखी मशीन, हा या प्रकरणातला सर्वात महत्त्वाचा निर्णय आहे. दुसऱ्यावर स्ट्रीमिंग रेप्लिकेशनने, म्हणजे मुख्य मशीनचा वॉल सतत पाठवून, प्रत सतत चालू राहते, आणि वाहनांचे नकाशे, सांख्यिकी अहवाल तिथूनच वाचायचे, म्हणजे काट्याचे मशीन मोकळे राहते. मुख्य मशीन प्रशासकीय इमारतीत, दुसरे वेगळ्या इमारतीत, मध्ये जमिनीखालून ऑप्टिकल फायबर आणि १० गिगाबिट जोडणी.

प्रत सिंक्रोनस ठेवायची का, म्हणजे दुसऱ्या मशीनचा होकार आल्यावरच कमिट पूर्ण मानायचा का, यावर नीट विचार हवा. सिंक्रोनस ठेवली आणि दुसरे मशीन बंद पडले तर पहिल्यावरचे कमिट थांबून राहतात. दोनच मशीन असताना म्हणजे काटाच थांबतो. म्हणून असिंक्रोनस ठेवायची, काट्याच्या पावतीवर अनुक्रमांक छापायचा आणि मशीन बदलावे लागले तर शेवटच्या काही पावत्या कागदावरून पडताळायच्या. मशीनची अदलाबदल आपोआप करणारी व्यवस्थाही नको. मधली फायबर तुटली तर दोन्ही मशीन स्वतःला मुख्य समजू लागतात आणि दोन वेगळे हिशेब तयार होतात. ते जुळवणे महिनोन्महिने चालते. शिफ्टमधल्या माणसासाठी एका पानावर लिहिलेली कृती: पहिल्याची वीज प्रत्यक्ष काढा, दुसऱ्याला मुख्य करा, आयपी पत्ता फिरवा. एवढीच.

सगळे क्लाउडवर न्यावे का? मुंबईत मोठ्या क्लाउड कंपन्यांची केंद्रे आहेत, पण कारखान्यापर्यंतची केबल जेसीबीने तुटली तर काटा बंद पडेल आणि तोडलेल्या उसाचा उतारा यार्डात तासागणिक घसरेल. क्लाउडचा योग्य उपयोग बॅकअपची दूरची प्रत ठेवण्यासाठी: आठवड्याचा पूर्ण बॅकअप, रोजचा फरक, आणि वॉल फाइल सतत. त्यामुळे कोणत्याही मिनिटापर्यंत मागे जाता येते. रेप्लिका, म्हणजे दुसऱ्या मशीनवरची ती प्रत, हा बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली नोंद पुढच्याच क्षणी रेप्लिकावरूनही पुसली जाते.

खोली

साखर कारखान्यात सर्व्हरला दोन शत्रू जास्तीचे आहेत. एक बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची, धूळ, ती हीटसिंकच्या पात्यांत अडकते. दुसरा सल्फर डायऑक्साइड. रस शुद्ध करण्यासाठी गंधक जाळून हा वायू वापरतात आणि सल्फिटेशनच्या जवळपासच्या हवेत तो राहतो. दमट हवेत तो तांब्या-चांदीचे भाग खातो. रोधकांच्या टोकांवर काळा थर चढतो आणि मेमरी स्लॉट, डिस्कचे कनेक्टर अधूनमधून संपर्क सोडतात. अशा मशीनच्या तक्रारी विचित्र असतात: मॉड्यूल काढून परत लावले की चालते, महिन्याने पुन्हा दगा देते. आयएसए ७१.०४ या मानकाप्रमाणे सौम्य वर्गात, म्हणजे जी१ मध्ये, महिन्याला तांब्यावर ३०० आणि चांदीवर २०० अँगस्ट्रॉमपेक्षा कमी थर चढायला हवा. तांब्या-चांदीच्या चाचणीपट्ट्या खोलीत महिनाभर टांगून प्रयोगशाळेकडे पाठवल्या की उत्तर मिळते. खोली बॉयलिंग हाउसपासून दूर, वारा जिकडून येतो त्या बाजूला, दाराला दुहेरी झडप, बाहेरची हवा आत घेणारा पंखा नाही.

एका सर्व्हरचा वीजवापर ४०० वॅटच्या आत येतो, त्यामुळे ३ केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस पुरतो. पण प्रत्येक सर्व्हरचे दोन पॉवर सप्लाय वेगवेगळ्या यूपीएसवर जोडायचे. दोन्ही वायर एकाच पट्टीत घातलेल्या दिसतात, तेव्हा दुसऱ्या सप्लायचा काहीच उपयोग नसतो. को-जनचा, म्हणजे कारखान्याच्या स्वतःच्या वीजप्रकल्पाचा, टर्बाइन ट्रिप झाला की पुरवठा ग्रिडवर जाईपर्यंत जो झटका बसतो, तो इथला नेहमीचा प्रसंग आहे. बिघाड म्हणून नव्हे, तर रोजचे काम म्हणून त्याची तयारी ठेवावी.

निविदेतले शब्द

सहकारी कारखान्यात सर्वात कमी दराला प्राधान्य मिळते, म्हणून जे लिहिलेले नाही ते मिळणार नाही असे धरून चालावे. 'एंटरप्राइझ एसएसडी' एवढे लिहून भागत नाही. असे लिहावे: 'प्रत्येक डेटा डिस्कला कपॅसिटरवर आधारित पॉवर लॉस प्रोटेक्शन, डिस्कच्या मेमरीत आलेल्या पण फ्लॅशवर न गेलेल्या डेटासह, ५ वर्षे, दिवसाला किमान १ पूर्ण लेखन, उत्पादकाचे मॉडेल क्रमांकानिशी पत्रक जोडावे.' 'सर्व मेमरी चॅनल सारख्या मॉड्यूलने भरलेले.' 'एक सॉकेट, १६ कोअर, मूळ वेग किमान ३ गिगाहर्ट्झ.' 'दोन्ही सर्व्हरच्या डिस्क वेगळ्या उत्पादन-लॉटच्या.' वॉरंटी ५ वर्षे, जागेवर येऊन. चार तासांत की दुसऱ्या दिवशी, हे ठरवताना सर्वात जवळचे सुटे भागांचे कोठार कुठे आहे ते लेखी मागावे. कोठार पुण्यात असेल आणि कारखाना पाच तासांवर, तर चार तासांचा करार कागदावरच राहतो. दुसरे मशीन उभे असल्यामुळे इथे दुसऱ्या दिवशीची सेवा पुरते. बिघडलेली डिस्क कारखान्याकडेच राहील हेही लिहावे, तिच्यावर सभासदांच्या बँक खात्यांची माहिती असते. आणि सर्वात शेवटी: 'खालील स्वीकृती चाचणी उत्तीर्ण झाल्यावरच ९० टक्के रक्कम.'

स्वीकृती चाचणी

मशीन आल्यावर आधी रॅमची चाचणी २४ तास. मग डिस्क पूर्ण क्षमतेने दोनदा लिहून काढायची आणि त्यानंतर सहा तास विखुरलेली लेखने चालू ठेवायची. नव्याकोऱ्या एसएसडीचा वेग फसवा असतो, खरा वेग भरल्यानंतरचा. या काळात डिस्कचे तापमान पाहायचे. ते ७० अंशांकडे जात असेल तर पंख्यांची दिशा, रिकाम्या खणांची झाकणे तपासायची.

मग पोस्टग्रेसबरोबर येणारे पीजी_टेस्ट_एफसिंक, हे डिस्क सेकंदाला किती लेखने पक्की करते ते मोजते. एफडेटासिंकच्या ओळीत सेकंदाला १०,००० च्या वर आकडा अपेक्षित. तो दोनशे ते हजार आला तर डिस्कला संरक्षण नाही, पत्रकावर काहीही लिहिलेले असो.

वेग चांगला आला तरी तो खरा की खोटा, हे फक्त वीज काढून कळते. डिस्कचेकरसारखी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) लेखन करते आणि जे 'झाले' म्हणून आले ते दुसऱ्या संगणकावर नोंदवते. ती चालू असताना दोन्ही पॉवर केबल एकदम ओढायच्या. बटण दाबून बंद करणे ही चाचणी नव्हे. पुन्हा चालू करून दोन्ही याद्या ताडायच्या. एकही नोंद कमी निघाली तर माल परत. ही चाचणी निदान दहा वेळा करावी, कारण दोष दरवेळी दिसतोच असे नाही.

चढवताना

काम जुलै-ऑगस्टमध्ये, बॉयलर अग्निप्रदीपनाच्या बऱ्याच आधी. जुन्या सर्व्हरवर सेंटओएस ७ आहे. त्यावरून थेट रेप्लिकेशनने नव्यावर जाणे सोपे वाटते, पण इथे मोठा खड्डा आहे. ग्लिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत अक्षरांच्या क्रमवारीचे नियम बदलले आणि सेंटओएस ७ वर २.१७ आहे. फाइल जशाच्या तशा नेल्या तर मजकुरावरचे इंडेक्स जुन्या क्रमात राहतात आणि शोध नव्या क्रमाने होतो. शेतकऱ्याचे नाव टेबलात आहे, पण शोधल्यावर सापडत नाही. एकमेव असायला हवी ती नोंद दोनदा शिरते. म्हणून डम्प (सगळ्या डेटाची निर्यात-प्रत) काढून नव्याने भरायचे, आठ समांतर कामांनी. साफ केलेल्या १०२ जीबीला एक रात्र पुरते. याच वेळी डेटा चेकसम (डिस्कवर बिघडलेला डेटा ओळखणारी पडताळणी) चालू आहेत ना ते पाहायचे. आवृत्ती १८ पासून ते आपोआप चालू असतात, आधीच्या आवृत्तीत आपण मुद्दाम चालू करावे लागतात. दोन्ही मशीनवर ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती एकच हवी, कारण वरचाच खड्डा रेप्लिकालाही आहे.

सेटिंग या मशीनसाठी अशा: शेअर्ड बफर ४८ जीबी, त्यासाठी २ एमबीची २५,५०० ह्यूज पेजेस, म्हणजे मेमरीची मोठी पाने (नुसत्या बफरसाठी २४,५७६, वरची पोस्टग्रेसच्या इतर सामायिक मेमरीसाठी). वर्क मेमरी (क्वेरीतल्या क्रमवारीसारख्या कामासाठीची) सर्वांना ३२ एमबी, बिल काढणाऱ्या वापरकर्त्याला १ जीबी. चेकपॉइंट १५ मिनिटांनी, वॉलची कमाल मर्यादा ६४ जीबी. चेकपॉइंट लांबले की पूर्ण पाने वॉलमध्ये पुन्हा पुन्हा लिहिणे कमी होते आणि वॉल स्पष्ट घटते. रँडम पेज कॉस्ट ४ वरून १.१, नाहीतर प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) अजून फिरत्या डिस्कच्या हिशेबाने इंडेक्स टाळत राहतो. बायोसमध्ये वीजबचतीऐवजी कामगिरीचा पर्याय, कारण झोपलेला कोअर जागा होईपर्यंत प्रत्येक लहान कमिट थोडा थोडा उशीर खातो.

हंगाम सुरू होण्यापूर्वी दिवसा, सगळे कामावर असताना, मुख्य मशीनची वीज काढून दुसऱ्यावर काटा चालवून पाहायचा आणि परत यायचे. बॅकअपमधून पूर्ण डेटाबेस तिसऱ्या संगणकावर उभा करून मागच्या हंगामाच्या एका पंधरवड्याची एकूण रक्कम लेखा विभागाच्या छापील आकड्याशी पैशापर्यंत जुळवायची. हंगामात रोज सकाळी पाच गोष्टी आपोआप कळाव्यात अशी सोय हवी: आरशातल्या दोन्ही डिस्क जिवंत आहेत का, डिस्कची झीज किती टक्के, दुसरे मशीन किती सेकंद मागे आहे, रात्रीचा बॅकअप पूर्ण झाला का, आणि काट्याच्या कमिटला लागलेला सर्वाधिक वेळ. शेवटचा आकडा ५० मिलिसेकंदांच्या वर गेला तर रांग वाढायची वाट न पाहता त्याच दिवशी कारण शोधायचे.